निर्माल्याची पिशवी आणि पुलाचा कठडा

मंडळी, आज सकाळी आमची शालू थोडक्यात वाचली.

शालू माझी शेजारीण. गोदावरीवरच्या जुन्या पुलावरून आम्ही दोघी रोज फिरायला जातो. नदी घाण होऊ नये म्हणून ती निर्माल्य पाण्यात सोडत नाही, पिशवीत भरून कठड्याला बांधते. घंटागाडीवाले कधीतरी नेतात. तिचं बघून बऱ्याच जणांनी हीच रीत धरली.

आज गाठ मारताना ती जरा रेलली आणि कठड्याचा आडवा पाइप कटकन तुटला. मी दंड धरून तिला मागे ओढलं.

"अगं, दिवाळीत तर रंग दिलेला याला!" शालू म्हणाली.

रंग वरवरचा हो! ओल्या निर्माल्याच्या पिशव्या टांगायच्या नेमक्या जागी आतलं लोखंड गंजून भुगा झालं होतं. लाकडाला वाळवी, तशी लोखंडाला ओल.

"म्हणजे मीच खाल्ला की गं पूल!"

"एकटीनं कुठे? पंगतच बसली होती."

तिथे शालूची लाल ओढणी बांधली, महापालिकेत फोन केला. मग सगळ्या पिशव्या सोडवून घंटागाडीत टाकल्या. शाळेची पोरं हाच कठडा धरून जातात.

नदी जपायला शिकलो, आता पूलही जपू या. तुमच्या पुलाच्या कठड्याला काय टांगलंय? उद्या जाता-जाता सोडवाल का?