दारापर्यंत पुरेल इतका उजेड

कागद कारखान्यात माझी सगळी नोकरी इलेक्ट्रिक विभागात गेली. मोटारी, पॅनल, रिले, टायमर यांच्यातच जन्म काढला. निवृत्त होऊन बुऱ्हाणपूरला राहायला आलो तेव्हा घरात बिघडलेलं काही उरलं नाही, म्हणून मग मीच बिघडायला लागलो, असं बायको म्हणते. चिडका मी आधीपासून होतोच. आता चिडायला वेळ भरपूर मिळू लागला, एवढंच.

राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. ती गल्लीच्या तोंडाशी लावायची आणि पुढं चालत जायचं. गल्ली सरळ आहे, पण दोन्ही बाजूंना ओटे, मधे नालीवर टाकलेल्या फरश्या, आणि त्यातली एक तरी कायम हललेली. खांबावरचा दिवा पार पलीकडच्या टोकाला. रोज संध्याकाळी आम्ही राजघाटावर जातो. बायको तापीत दिवा सोडते, मी पायरीवर बसून घाटावरच्या वायरिंगला नावं ठेवतो. परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो.

बायकोला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसा तिचं निभतं. अंधार पडला की पायाखालची फरशी दिसत नाही. आणि हे गल्लीत कुणालाही कळता कामा नये, असा तिचा हुकूम. "एकदा कळलं ना, की मला आंधळी म्हातारी करून कोपऱ्यात बसवतील," ती म्हणाली. माझा हात धरून चालायचं तर नावच नको. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यांवर बसतात, लसूण सोलतात, वाती वळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. त्यांच्यासमोरून नवऱ्याचा हात धरून जायचं तिच्या जिवावर येई. या वयात कसली लाज, असं मी म्हटलं की तोंड फिरवायची.

मग एका संध्याकाळी ती पडली. मी गाडी लॉक करत होतो, तेवढ्यात ती पुढं निघाली आणि हललेल्या फरशीत तिचा पाय अडकला. गुडघा फुटला. बायका धावत आल्या. "चप्पल घसरली," ती हसत म्हणाली. घरात आल्यावर मात्र रडली, आणि दुसऱ्या दिवशी घाटावर यायला नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मला फार वाईट वाटलं. दिवसभर घरात राबणाऱ्या त्या बाईची मोकळ्या हवेत जायची तेवढी एकच वेळ होती.

टॉर्च तिला नको होता. काही हरवलंय आणि शोधत चाललोय असं दिसतं म्हणे. कसंबसं मनवून तिला एकदा घाटावर नेलं, आणि येताना गाडीचे दिवे चालू ठेवून तिच्याबरोबर घरापर्यंत गेलो, मग ते बंद करायला मागं फिरलो. लगेच ओट्यांवरून विचारणा: "काका, काय विसरलं? वापस का चालले?" घरी आल्यावर बायको म्हणाली, तुमच्या येरझाऱ्यांनीच सगळ्यांना कळायचं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की दिवे थोड्या वेळानं आपले आपणच बंद झाले तर? कारखान्यात मोटर थांबवली तरी तिचा पंखा थोडा वेळ फिरत राहावा म्हणून आम्ही टायमर लावायचो. तेच गाडीला करायचं. बाजारातून टायमर रिले आणला. बॅटरीवरून, मधे फ्यूज घालून, त्याला कायमची वायर दिली. हेडलाइटच्या बटणाकडून येणारी वायर त्याला इशाऱ्यासाठी जोडली. बटण बंद केलं की टायमर मोजायला लागणार, तोवर रिले दिवे चालू ठेवणार आणि वेळ संपली की ते बंद करणार. वेळ कमी-जास्त करायला एक बारीक स्क्रू. काम सोपं, पण बॉनेटखाली जागा इतकी चिंचोळी की माझे दोन्ही हात खरचटले, आणि गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "निदान गाडीशी तरी भांडू नका."

वेळ ठरवायला मी स्वतः गाडीपासून दारापर्यंत चालत गेलो आणि तेवढी ठेवली. पहिल्याच संध्याकाळी ती निम्म्या गल्लीत असताना दिवे गेले. पिशवी छातीशी धरून ती होती तिथंच उभी राहिली. माझ्या पायांनी तिचं अंतर मोजलं होतं मी! कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याला उभा सोलला असता.

दुसऱ्या दिवशी स्क्रू नीट फिरवला. त्या संध्याकाळी ती माझ्या पुढं, एकटी चालली. पाठीवर पांढरा उजेड, आणि तिची सावली तिच्या आधी दाराशी पोचलेली. दोन्ही बाजूंना "झालं का जेवण?" विचारत अशी ऐटीत गेली की मागून येताना मला हसू आवरेना. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

पण आमच्या गावात दुसऱ्याच्या गाडीचा दिवा उगाच जळताना कुणाला बघवत नाही. भर दुपारी रस्त्यावर अनोळखी माणूससुद्धा मूठ उघडून-मिटून खूण करतो. मग गल्ली कशी गप्प बसेल? समोरच्या ओट्यावरच्या शेजारणीचा आवाज सगळ्यांत मोठा. "काका, लाइट चालूच राहून गेली! बॅटरी बैठ जाईल नं!" एकदा तर माझ्या हातातली चावी घेऊन ती स्वतःच गाडीकडे धावली. तिथं पोचते न पोचते तोच दिवे गेले. परत येऊन म्हणाली, "म्या तर हात बी नाई लावला वो!" मी सांगितलं, चोरांना घाबरवायला नवी सिस्टिम बसवली आहे. तिला पटलं, असं मला वाटलं. त्यानंतर कुणी ओरडलं की तीच परस्पर सांगायची, "चोरांसाठी हाय ते, राहू दे."

हिवाळा गेला. अधूनमधून मी तो स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिलो, कारण तिची पावलं थोडी थोडी हळू होत गेली. एकदा ती म्हणाली, "हल्ली तुमचा दिवा बराच वेळ थांबतो." स्क्रू ढिला झालाय, मी म्हटलं. मग एक दिवस तो स्क्रू शेवटाला टेकला, पुढं फिरेना.

परवाची गोष्ट. आम्ही घाटावरून आलो, मी बटण बंद केलं, ती नेहमीसारखी पुढं निघाली. पहिले ओटे गेले. मग फरशीच्या अलीकडे ती थांबली. मला वाटलं, कुणाशी बोलतेय. पण तिनं मागं न वळता विचारलं, "अहो, दिवा गेला का?"

दिवा जळत होता. ओट्यावरच्या सुपातला लसूण दिसावा इतका लख्ख उजेड तिच्या अंगावर पडला होता. सगळ्या बायका बघत होत्या, आणि एरवी ओरडणारी गल्ली अगदी चूप होती.

शेजारणीनं सूप खाली ठेवलं आणि ती उठली.

"गेला वो काकू," ती म्हणाली. "काकांचं ते मशीन कंडमच हाय. मले बी काही दिसून नाई राह्यलं. द्या हात, आपण दोघी संगंच जाऊ."

"हौ, आज तर लय अंधार हाय," दुसऱ्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं.

बायकोनं हात पुढं केला. शेजारीण तिला घेऊन निघाली. भर उजेडात ती पायानं एकेक फरशी चाचपत होती, आणि "इथं खड्डा हाय वाटते, जपून," असं मोठ्यानं म्हणत होती. गल्लीला सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. मी चावी हातात धरून गाडीपाशीच उभा राहिलो आणि रडलो. त्या दोघी उंबऱ्याशी पोचल्या तरी दिवा चालूच होता.