पुढचं डावं चाक

राजश्री शिवशरण गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्या परिचारिका. अपघात विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे गाडी या वस्तूचं त्यांना कधी कौतुक वाटलं नव्हतं. कौतुक होतं ते त्यांच्या नवऱ्याला, हणमंतरावांना.

हणमंतराव एसटीत ड्रायव्हर होते. विजापूर, हैदराबाद, कोल्हापूर, सगळीकडे गाडी नेऊन आणलेली. नोकरी संपल्यावर त्यांनी जुळे सोलापुरातल्या घरासमोर पांढरी छोटी कार आणून उभी केली. शोरूममध्ये रंग बायकोला निवडू दिला, पण चाकं मॅगव्हीलची, म्हणजे चकचकीत अलॉयचीच पाहिजेत म्हणून अडून बसले. रोज सकाळी बादली घेऊन आधी ती चार चाकं पुसायची, मग बाकीची गाडी.

हे काही महिने चाललं. एके दिवशी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून रेझर गळून पडलं. राजश्रीबाईंनी तोंडाचा एक कोपरा उतरलेला पाहिला आणि काही न विचारता रिक्षा बोलावली. काय झालंय हे त्यांना दारातच कळलं होतं.

बोलणं महिन्याभरात परत आलं. उजवा पाय ओढत का होईना, काठीवर चालणंही जमू लागलं. पण हाताची पकड गेली ती गेलीच. गाडी कव्हरखाली गेली. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, एखादा ड्रायव्हर बघा की."

"मी ड्रायव्हर," हणमंतराव म्हणाले. "मला कशाला ड्रायव्हर?"

फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा सात रस्ता चौकाकडे जावं लागे. रिक्षात चढताना त्यांचा पाय अडके, रिक्षावाला घाई करी, मग हणमंतराव दिवसभर बोलत नसत. राजश्रीबाईंनी ड्युटी सांभाळून ड्रायव्हिंग स्कूल लावलं. घरात कुणाला विचारलं नाही. लायसन्स हातात आलं त्या दिवशी गाडीचं कव्हर काढून घडी घातली आणि म्हणाल्या, "उद्यापासून यातून जायचं."

हणमंतरावांनी मान हलवली. हो की नाही, ते राजश्रीबाईंना कळलं नाही.

पहिल्याच खेपेला, गाडी दवाखान्यासमोर लावताना, पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. नव्या फुटपाथची कड चांगली उंच आणि धारदार होती. करकर असा लांब आवाज झाला. शेजारी बसलेल्या हणमंतरावांनी डोळे मिटून घेतले. परत जाताना मात्र ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि तेव्हापासून मागेच बसू लागले.

राजश्रीबाईंना हे झोंबलं. तरी पेशंटच्या रागाला उत्तर द्यायचं नाही ही सवय अंगात मुरलेली होती. त्या आरशात बघून विचारायच्या, "नीट बसलात?" मागून "व्हय" एवढंच यायचं.

चाक आणखी दोनदा घासलं. एकदा भाजी घ्यायला थांबताना, एकदा स्वतःच्याच फाटकाशी. चंदेरी कडेवर ओरखडे पडले, एका ठिकाणी तर टवका उडून आतला खडबडीत धातू दिसायला लागला. आणि राजश्रीबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. व्यायामाला टाळाटाळ करणारे हणमंतराव संध्याकाळी आपले आपण काठी घेऊन पायऱ्या उतरायचे, डाव्या चाकापाशी वाकायचे आणि त्या ओरखड्यांवरून डाव्या हाताची बोटं फिरवायचे. नर्स म्हणून त्यांना ते उतरणं बरं वाटलं. बायको म्हणून पडद्याआडून बघवेना.

विजापूर रोडला मंद्रूप गावच्या बिरुदेवचं टायरचं दुकान होतं. मॅगव्हीलची रंगरंगोटीही तो करायचा. चाकावर हणमंतरावांचा जीव होता, म्हणून एका सुटीच्या दिवशी त्या त्यांना घेऊनच तिथं गेल्या. बिरुदेवनं जॅक लावला, चाक काढलं, उलटसुलट फिरवून पाहिलं.

"तडा न्हाय ताई. तडा असता तर हात लावला नसता, नवंच घ्या म्हणलो असतो. हे नुसतं वरवरचं हाय."

"किती वेळ लागेल?"

"दुपार होईल. रंग वाळाय पायजे की. बसा निवांत."

त्यानं हणमंतरावांना प्लास्टिकची खुर्ची दिली. चाक धुऊन पुसलं आणि पॉलिश पेपरनं कड घासायला घेतली. मग टवका उडालेल्या जागी पुट्टी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली. टायरवर रंग जाऊ नये म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे टायर आणि रिमच्या फटीत गोल खोचत गेला. हणमंतराव खुर्ची पुढे ओढून सगळं बघत होते.

"मामा, चालवताना कड घासली व्हय?" बिरुदेवनं सहज विचारलं.

"मी न्हाय," हणमंतराव म्हणाले. "हिनं. डावा आरसा बघतच न्हाय ही. स्टिअरिंग लवकर तोडती, वळवायची घाई हिला. पुढचं चाक फुटपाथला गेल्याशिवाय हिला कळत न्हाय."

इतक्या महिन्यांत गाडीबद्दल ते एवढं बोलले नव्हते. राजश्रीबाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या.

"त्यांना कशाला सांगता? मला सांगा की."

"तुला काय सांगायचं?"

"हेच. आरसा बघ म्हणून. मागं जाऊन बसता पाव्हण्यासारखं. पुढं बसून बोलायला काय झालं होतं? चूक दिसते, पण तोंड उघडत नाही तुमचं. मी काय एसटीत नोकरी केली होती?"

त्यांचा आवाज चढला होता. हॉस्पिटलात कुणी त्यांना असं बोलताना ऐकलं नसतं. बिरुदेवनं मान खाली घालून प्रायमरचा डबा हलवायला सुरुवात केली.

हणमंतरावांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग चाकाकडे बघतच म्हणाले, "पुढं बसलो की पाय ब्रेक हुडकतो गं."

"म्हणजे?"

"समोर काय आलं की मी उजवा पाय दाबायला जातो. तितं ब्रेक न्हाय, म्हाईत हाय मला. पर पाय उचलतच न्हाय. मनात दाबतो अन् पाय तसाच पडून ऱ्हातो. प्रत्येक येळेला नव्यानं कळतंय. मागं बसलो की समोरचं दिसत न्हाय."

राजश्रीबाईंनी असे पेशंट कितीतरी पाहिले होते. त्यांच्या नातेवाईकांना काय सांगायचं, तेही त्यांना पाठ होतं. शेजारी टायरची चवड होती, तिच्यावर त्या बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या डाव्या हातात दिली. ते प्याले.

दुपारी बिरुदेवनं शेवटचा चकाकीचा हात मारून चाक सावलीत वाळवलं आणि चढवलं. ते बाकीच्या तीन चाकांपेक्षा उजळ दिसत होतं. हणमंतराव काठी टेकत गाडीला पूर्ण वळसा घालून आले.

"रंग जुळला न्हाय," ते म्हणाले.

"बाकीचे जुने झालेत मामा. धूळ बसली की जुळंल," बिरुदेव म्हणाला.

त्या दिवशीही हणमंतराव मागेच बसले. फक्त फाटकाशी आल्यावर मागून आवाज आला, "आता न्हाय. अजून पुढं घे. आता तोड." राजश्रीबाईंनी तसं केलं आणि गाडी न घासता आत आली.

पुढे बसायला त्यांना बराच काळ लागला. थंडी सुरू झाल्यावर एक दिवस त्यांनी स्वतःच पुढचं दार उघडलं. त्या खेपेला राजश्रीबाईंनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले. समोर एखादी मोटारसायकल आडवी आली की त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "दाबला मी ब्रेक." पहिल्यांदा हणमंतरावांना राग आला. नंतर ते त्याला "बरं" म्हणायला लागले.

चाक पुन्हा घासलं नाही असं नाही. नवी पेठेत एकदा गाडी कुठं लावायची यावरून दोघं भांडत असताना तेच चाक तसंच घासलं. बिरुदेवकडे परत जावं लागलं. या वेळी दोघांनी एकमेकांच्या चुका त्याला सविस्तर सांगितल्या.

राजश्रीबाई रिटायर झाल्या त्या वर्षी दोघं उजनी धरणाच्या पाण्याकाठी नागूबाईंकडे गेले. नागूबाई हणमंतरावांच्या थोरल्या बहीण. आजवर तिथं एसटीनंच जाणं व्हायचं. शेवटचा रस्ता उसाच्या दोन फडांमधून जाणारा, एका गाडीपुरता. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा राजश्रीबाईंना बरंच अंतर मागं यावं लागलं. हणमंतरावांनी खिडकीतून मान बाहेर काढून डावी बाजू सांभाळली.

नागूबाई अंगणात मासे साफ करत बसल्या होत्या. माशांनी भरलेले हात तसेच धरून त्या उठल्या, भावाला काठीवर उतरताना बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गाडीकडे बघून विचारलं, "कुणी आणली रं?"

"हिनं."

"येवढ्या लांबनं? अन् तू?"

"मी शेजारी बसलो," हणमंतराव म्हणाले, आणि पाय धुवायला हौदाकडे निघाले.