मशीनवर नसलेला कंपायलर

भूतप्रेत, करणी यातलं मी काही मानत नाही. कुणी सांगायला लागलं की तोंडावर हसते. कर्जतच्या भिसेगावात राहते, भातशेतीवाल्या घरातली. आज जे काम उभं आहे ते भांडून आणि घासाघीस करून उभं केलंय. त्यामुळे झालं तेवढंच सांगते.

कारखान्याच्या टाकीतून वायू गळला तर वाऱ्याबरोबर कुठवर पसरेल, याचं गणित मी करून देते. ते घरच्या कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून पुण्याच्या एका संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरवर वेळ भाड्याने घेते. तिथे शेकडो लोक काम करतात. आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर प्रत्येकाने नाव देऊन लोड करायचा, मग काम रांगेत लावायचं.

गेल्या वर्षी त्यांनी नवं मशीन आणलं आणि माझा जुना कंपायलर त्यावर घातलाच नाही. सिस्टिम सांभाळणाऱ्या देशमान्यांशी कडाक्याचं भांडले.

"मॅडम, एकट्या तुमच्यासाठी नाही ठेवता येत. नवा वेगवान आहे, तो वापरा."

वापरला. राग अजून गेलेला नाही.

यंदा रसायनीजवळच्या एका कारखान्याचं काम आलं. टाकीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची वाडी. पाहणीला गेले तेव्हा तिथल्या म्हातारीकडून शेवळाची रानभाजी घेताना भाव पाडत होते. ती म्हणाली, "माज्याशी काय घासतंस गं? मोजाया आलीस ना? मंग भोंगा वाजल्यावर आमी पलायचं कुठं, ते मोज!"

नव्या कंपायलरचं उत्तर आलं — वायू वाडीच्या अलीकडेच विरतो. कारखान्याला हेच हवं होतं. अहवालावर सही करायच्या दिवशी सकाळी खात्रीसाठी तेच गणित पुन्हा लावलं... आणि घाईत जुनी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनांची फाइल, उचलली. तिच्यात जुन्या कंपायलरचं नाव. पहिल्याच ओळीला काम बंद पडायला हवं होतं.

दुपारी दोनला ते पूर्ण झालं. लॉगमध्ये, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदीत, स्वच्छ लिहिलेलं — जुना कंपायलर लोड झाला. आणि निकालात वायू वाडीच्या शेवटच्या घरापलीकडे.

देशमान्यांना फोन लावला. "गुपचूप जुना टाकलात ना? मग वर्षभर मला का नाचवलंत?"

"लॉग पाठवा." पाठवला. तो वाचून त्यांनी डिस्क तपासल्या. "मॅडम, हा या मशीनवर कधी आलाच नाही. एकाही डिस्कवर नाही. लोड कसा केलात?"

"तुम्ही मला विचारताय?"

"पुन्हा लावा. मी बघतो."

लावलं. पहिल्याच ओळीला बंद — या नावाचा कंपायलर नाही.

इकडे कारखान्याचा मॅनेजर फोनवर फोन करत होता. "मॅडम, एक सही तर करायचीय!" जो कंपायलर नाही त्याचा आकडा अहवालात लिहिणार कसा? आणि न लिहावा, तर वाडीचं काय? मॅनेजरवर ओरडून मुदत वाढवून घेतली. नवा कंपायलर वेगासाठी आकडेमोडीत ज्या काटछाटी करतो, त्या सगळ्या बंद केल्या आणि तेच गणित संथपणे चालवलं. तीन दिवस लागले. वायू वाडीपलीकडेच गेला, अगदी त्याच घरांवरून.

सही त्यावर केली. कारखान्याने चिडून का होईना, टाकी हलवायचं मान्य केलं. मला पुन्हा बोलावलं नाही.

त्या दुपारी काय लोड झालं, हे देशमान्यांना सापडलेलं नाही आणि मलाही सांगता येत नाही. पण नव्या कंपायलरवर वर्षभरात मी आणखी सहा अहवाल सही करून दिलेत. त्या वेळी मला कुणी अडवलं नाही. ते सहाही काटछाटी बंद करून पुन्हा रांगेत लावलेत... पहिला अजून चालू आहे.