हॉर्स क्लोजमधली चांदी

मशीननं जमिनीतली जुनी नाणी शोधणाऱ्या आमच्या क्लबात डेस्मंड गॅरडच्या कानाचा एकेकाळी दबदबा होता. नांगरलेल्या शेतात धातू शोधायच्या मशीनची थाळी जमिनीवरून झुलवत चाललेला हा उंच, किंचित पोक आलेला माणूस मध्येच थांबायचा आणि फावड्याला हात न लावताच सांगायचा, ही बिअरच्या डब्याची कडी, हे जाकिटाचं बटण, हे रोमन आहे पण पार झिजलेलं. खणून बघावं तर तेच निघायचं. नवीन आलेले लोक त्याच्याशी पैज लावायचे आणि शनिवारी पबमध्ये त्याला बिअर पाजायचे. इंग्लंडातल्या सफक परगण्यात असा दुसरा कान नाही, असं लोक म्हणत, आणि डेस त्यांना अडवत नसे.

मशीनही त्याच्यासारखंच जुनं आणि हट्टी. आजकालच्या मशीनांना पडदा असतो, खाली काय आहे त्याचे आकडे त्यावर उमटतात. ज्यांना टीव्ही बघायचाय त्यांनी घरी बसावं, असं डेस तोंडावर सांगायचा. त्याच्या मशीनला फक्त आवाज. लोखंडाला खर्जातला, तांब्याला मधला आणि चांदीला अगदी वरच्या पट्टीतला, बारीक. बाकी सगळं कानावर सोडायचं.

आणि नेमका कानानंच दगा दिला. डेसची उभी हयात धान्य वाळवायच्या कारखान्यात गेली होती, तिथल्या पंख्यांच्या घरघराटानं कान आतून पोखरत आणले होते. माणसांचं बोलणं कळायचं, ट्रॅक्टर कळायचा, पण वरची पट्टी पार पुसली गेली. चुलीवर किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला, तेव्हा त्याचं त्यालाच समजलं. त्यानंतर दोन वर्षं त्याच्या पिशवीत खिळे आणि लोखंडाचे तुकडे यांपलीकडे काही पडेना, कारण त्याला ऐकूच तेवढं यायचं. क्लबातले म्हणाले, डेसचं नशीब रुसलं. त्यानं तसं म्हणू दिलं. फुटक्या नशिबाची लाज वाटत नाही, फुटक्या कानाची वाटते.

ही गोष्ट त्यानं मेव्हिसलाही सांगितली नव्हती. मेव्हिस कॅचपोल म्हणजे शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर. तिच्या एका नजरेनं मागच्या बाकावरची दांडगट पोरं चिडीचूप व्हायची. नवरा वारल्यावर घर खायला उठलं म्हणून ती क्लबात आली, आणि डेसनं तिला पहिल्यापासून सगळं शिकवलं. थाळी किती हळू झुलवायची, ढेकूळ कसं फोडायचं, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं कसं. तेव्हापासून दर रविवारी तिची गाडी, ह्याचा चहाचा थर्मास आणि दोघांची दिवसभर चालणारी थट्टा. आता शिकवणारा बहिरा आणि शिकणारी कानाची तयार, ही कल्पनाच डेसला सोसवत नव्हती. तिची चेष्टा त्याला हवीहवीशी वाटायची. कीव मात्र नको होती, कुणाचीच आणि तिची तर मुळीच नाही.

सप्टेंबरअखेरचा तो रविवार. हॉर्स क्लोज नावाच्या शेतात सोमवारी गहू पेरणार होते, म्हणजे पुढच्या कापणीपर्यंत आत पाऊल टाकायची सोय नाही. हे शेत क्लबात बदनाम होतं. तिथे रोमन काळातली तांब्याची चिल्लर मिळायची, नखाएवढी आणि चेहरा ओळखू न येणारी; चांदी कुणालाच कधी मिळाली नव्हती. डेसचं म्हणणं वेगळं होतं. जिथे इतकी चिल्लर सांडली, तिथे कुणाच्या तरी हातून एखादं चांदीचं नाणं पडलंच असणार, आणि ते आपणच काढणार, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. मेव्हिस विचारायची, त्या रोमन माणसानं तुला पत्र पाठवून कळवलंय का.

त्या सकाळी गाडीतून उतरताना डेसच्या हेडफोनची वायर दारात सापडली आणि तुटली. हेडफोन म्हणजे त्याची झाकपाक होती. आत काय वाजतंय आणि काय नाही, हे बाहेर कुणाला कळत नसे. आज जरा गुडघाच दुखतोय, असं त्यानं सुरू केलं. मेव्हिस म्हणाली, गुडघ्यानं ऐकतोस का तू? मशीनला बाहेरचा स्पीकर आहे, तो लाव आणि चल, उद्या इथे गहू असेल. डेसनं स्पीकर लावला. तो निघाला.

शेतात उतरलं की आमच्यात प्रत्येकाचा पट्टा ठरतो. दुसऱ्याच्या पट्ट्यात थाळी घालायची नाही, फावडं तर नाहीच नाही. तिथे सोन्याची वीट वाजताना ऐकू आली तरी नाही. हा नियम कुठे टांगलेला नाही, पण तो मोडल्यामुळे सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालेले आम्ही पाहिलेत. डेसनं ओकच्या झाडाकडचा पट्टा घेतला, मेव्हिसनं त्याच्या शेजारचा. वारा पडलेला होता, आणि कान शेकून निघाले म्हणून मेव्हिसनं हेडफोन गळ्यात सोडले होते.

"डेस," तिनं मागून हाक मारली. "ते सोडून कुठे चाललास?"

तो वळला. ती आपल्या पट्ट्याच्या कडेला उभी होती आणि त्याच्या पट्ट्यातल्या एका ढेकळाकडे बोट दाखवत होती. काय, असं त्यानं विचारलं.

"आत्ता वाजलं ते. तुझ्या थाळीखाली."

डेसच्या कानाला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. पण तोंड त्याच्या आधी धावलं. "चॉकलेटचा चंदेरी कागद आहे तो. ऐकलं मी. दर वर्षी तिथेच पडलेला असतो."

मेव्हिसनं त्याच्याकडे बघितलं. कागद कसा वाजतो हे तिला त्यानंच शिकवलं होतं: तुटक, खरखरीत, थाळी फिरेल तसा बदलणारा. तिनं जे ऐकलं होतं ते एकसंध होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर कागद." आणि हेडफोन कानावर चढवून आपल्या पट्ट्यात चालू लागली.

ती ते खणणार नव्हती. मेली तरी खणणार नव्हती. आणि डेसनं खणायचं तर आपण खोटं बोललो हे कबूल करायला हवं. म्हणजे जे काही होतं ते तिथेच राहणार, उद्या त्यावरून पेरणीयंत्र जाणार. डेस पट्ट्याच्या टोकापर्यंत गेला. थाळी झुलत होती, पण त्याचं लक्ष सगळं मागे त्या ढेकळापाशी होतं. स्वतःचा त्याला इतका राग आला होता की, एक खिळा सापडला तो त्यानं कुंपणापलीकडे भिरकावून दिला.

दुपारी गाडीची डिकी उघडून ती दोघं जेवायला बसली. मेव्हिसनं डुकराचं मांस भरलेला पोर्क पाय कापला, मोहरीची चटणी लावून त्याच्या हातात दिला आणि बोलत राहिली: मुलीनं स्वयंपाकघराला दिलेला भडक रंग, चर्चच्या सेलमधला कोरडा केक, शेजाऱ्याचं मांजर. कागदाबद्दल चकार शब्द नाही. टोमणा नाही, तिरकी नजर नाही. डेस घास चघळत वाट बघत राहिला. एरवी त्याच्या मोज्याला भोक असलं तरी ती त्यावर महिनाभर जगायची, आणि आज एवढं मोठं हातात आलेलं असताना तिनं ते अलगद सोडून दिलं होतं. डेसला ज्याची भीती होती ते हेच होतं. बहिरेपण परवडलं, पण मेव्हिस कॅचपोल आपल्याशी जपून बोलते, हे त्याला सहन होईना.

"तू आज मला टोमणा मारला नाहीस," तो म्हणाला.

"कशावरून?"

"त्या कागदावरून."

तिनं चहाचा मग खाली ठेवला. "मारणार होते. मग तुझं तोंड बघितलं."

"कधी कळलं तुला?"

"गेल्या हिवाळ्यात. गाडी मागे घेताना पिपाणी बोंबलत होती, आणि तू मला म्हणालास, काय शांत गाडी आहे गं तुझी."

डेसला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं त्यानं विचारलं.

"तुझा कान, तुझा पट्टा," मेव्हिस म्हणाली. "मी कशाला त्यात फावडं घालू?"

शेतावर बगळे उतरले होते, डेस त्यांच्याकडे बघत होता. आपण हिला नाणी शोधायला शिकवलं, पण आपला मान हिनं इतके महिने सांभाळला आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही, हे मनात येऊन त्याचा ऊर भरून आला. ही माझी मैत्रीण आहे, असं शेतातल्या त्या बगळ्यांना ओरडून सांगावं, इतका त्याला तिचा अभिमान वाटला. त्यानं हातावरचे खाण्याचे कण झटकले.

"चल," तो म्हणाला. "माझ्या पट्ट्यात ये. मी फिरवतो, तू ऐक. मला नाही ऐकू येत."

ओकच्या दिशेनं दोघं निघाली, तो पुढे आणि ती त्याच्या खांद्यामागे. ढेकूळ त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानं थाळी झुलवली आणि मेव्हिसनं आपला बसमधला आवाज काढला: उजवीकडे, जास्त झालं, मागे घे, हळू, घाई कसली आहे. हे सगळे शब्द डेसचेच होते, कधीकाळी त्यानं तिला ऐकवलेले. "इथे," ती म्हणाली, आणि त्यानं फावडं घातलं. ढेकूळ उलटलं, हातानं फोडलं, आणि मातीत एक पांढरी कड चमकली. मेव्हिसनं हात मागे घेतला. उचल, म्हणाली.

ते चांदीचं रोमन नाणं होतं, अख्खं, कडा न कातरलेलं. त्यावरच्या दाढीवाल्या सम्राटाचं नाकसुद्धा शाबूत होतं. डेसनं ते पुसलं नाही, पुसायचं नसतंच. तळहातावर घेऊन तो नुसता उभा राहिला. हॉर्स क्लोजमधली पहिली चांदी. मेव्हिस म्हणाली, पत्र खरंच आलं होतं की काय तुला. मग तिनं डोळे पुसले आणि वारा पडलेला असताना वाऱ्याला नावं ठेवली. परतताना कुणाचं नाणं यावर दोघांची गाडीभर हुज्जत झाली. मशीन तुझं, पट्टा तुझा, म्हणजे नाणं तुझं, आणि माझं नाव काढायचं नाही, असं तिनं निक्षून सांगितलं. डेसनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये क्लब जमला. टेबलावरच्या हिरव्या कापडावर महिन्याभरातल्या वस्तू मांडलेल्या, आणि सगळी गर्दी त्या एका नाण्याभोवती. आमच्यात अशी पद्धत आहे की वस्तू कुठे मिळाली, केवढ्याची, हे नंतर. आधी शोधणाऱ्यानं उभं राहून सांगायचं, ती वाजली कशी. अध्यक्ष मॉरिसनं डेसला उभं केलं. दोन वर्षांनी तो जुना कान परत आला होता, आणि सगळ्यांना त्याचं वर्णन ऐकायचं होतं. मेव्हिस दुसऱ्या रांगेतून त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेचा अर्थ मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळला असता: माझं नाव काढू नकोस, आवाज कसा होता ते सांगून टाक.

सांगणं अवघड नव्हतं. चांदीचा आवाज त्याला आठवणीतून पाठ होता, शब्दही तोंडाशी तयार होते.

"मला माहीत नाही," डेस्मंड गॅरड म्हणाला. "मी ऐकलाच नाही. माझी वरची पट्टी दोन वर्षांपूर्वीच गेलीये. मशीन माझं होतं, फावडं माझं होतं. कान मेव्हिसचा." मग तो ताठ झाला, पोक असलेला माणूस जितका होऊ शकतो तितका. "आणि तो कान मी तयार केलाय."

मग मॉरिसनं हळूच विचारलं, मेव्हिस, कसा होता गं? मेव्हिस उठली. आधी तिनं डेसकडे असं बघितलं की आता बाहेर गेल्यावर तुझी खैर नाही. मग घसा खाकरला. पण सांगायच्या ऐवजी तिनं तो आवाज गुणगुणून दाखवला, आणि वरच्या पट्टीत नव्हे. आपल्या जाड्याभरड्या गळ्यात, अगदी खाली उतरवून, डेसच्या तोंडाकडे बघत.

डेसनं तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला.

"शेवटी लांबवलास," तो म्हणाला. "चांदी एवढी रेंगाळत नाही."

आणि भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, मेव्हिस कॅचपोलनं तो पुन्हा म्हटला, ह्या वेळी बरोबर.