गुरूच्या गालावरचा तीळ

माझे आजोबा जन्मभर उसाच्या मळ्यात राबले आणि त्यांनी कोट म्हणून कधी अंगात घातला नाही. आमच्या भिंतीवर मात्र ते राखाडी कोट, लाल टाय आणि खिशाला फाउंटन पेन अशा थाटात बसलेले आहेत. बँकेचा मॅनेजरच. हा कोट त्यांना मरणानंतर सहा वर्षांनी गुमर्सिंदो फेइतोझा यांनी घातला. पेनही त्यांनीच दिलं. "अहो, पण बाबांना सही येत नव्हती," असं माझी आई म्हणाली, तेव्हा गुमर्सिंदो म्हणाले, "म्हणूनच टोपण लावून ठेवलंय."

ब्राझीलमधल्या आमच्या क्रातो गावात गुमर्सिंदोंच्या हातचा एक तरी फोटो नाही असं घर शोधून सापडणार नाही. लोक पाकिटात दुमडून दुमडून चिरलेला, बोटाएवढा काळा-पांढरा फोटो आणायचे. गुमर्सिंदो तो मोठा करून वरून रंगवायचे. मिटलेले डोळे उघडायचे. गळ्यात मोत्यांची माळ घालायचे. आजोबा वारल्यावर दहा वर्षांनी जन्मलेल्या नातवाला आजोबांच्या मांडीवर बसवायचे. व्रण, तीळ, देवीचे खड्डे, तिरळेपणा हे सगळं न विचारता साफ. आणि मागे कायम तोच आकाशी रंग. माणूस चांगला असो की वाईट, गुमर्सिंदोंकडून निघताना तो स्वर्गात पोचलेलाच असायचा.

एवढं करून त्या चित्रावर त्यांचं नाव नसे. रंगाऱ्यानं सही करायची नाही, हा धंद्याचा रिवाज. लोक म्हणायचे, "हा आमच्या बाबांचा फोटो." हे गुमर्सिंदोंचं चित्र आहे, असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नाही. ते हसून सोडून द्यायचे. पण मी त्यांचा शेजारी, औषधांच्या दुकानाचा मालक, शिवाय माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यातले ते धर्मपिता, म्हणजे आम्ही एकमेकांचे कंपाद्रे. त्या हसण्यात कुठे दुखतं ते मला कळायचं.

त्यांनी स्वतःच्या लग्नाचा फोटोही रंगवला होता. त्यांच्या बायकोच्या, दोना लिंदाल्वांच्या, वरच्या ओठाशेजारी मुगाएवढा तीळ आहे. फोटोतल्या नवरीला तो नाही. दोना लिंदाल्वांनी चव्वेचाळीस वर्षांत त्यावर एक अक्षर काढलं नाही. फक्त आपली गवती टोपी त्या फोटोच्या वरच्या खिळ्याला अडकवायची सवय लावून घेतली. टोपी बरोबर नवरीच्या तोंडावर यायची.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, फोनमध्ये कॅमेरा आला आणि धंदा बसला. त्रेसष्टाव्या वर्षी गुमर्सिंदो लेकीकडून कॉम्प्युटर शिकले. मग एका सकाळी ते नाचतच माझ्या दुकानात शिरले.

"कंपाद्रे, गिऱ्हाईक मिळालं!"

"कोण?"

"गुरू ग्रह! फोटो फाटका, चेहरा ओळखू येत नाही, आणि घाई अजिबात नाही. असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं."

प्रकार असा होता. गुरूभोवती एक यान फिरतं. ते फोटो काढून पाठवतं आणि ते कच्चे फोटो कुणीही घ्यावेत म्हणून उघडे ठेवलेले असतात. कच्चे म्हणजे अगदीच कच्चे. नुसत्या राखाडी पट्ट्या. काही तांबड्या काचेतून काढलेल्या, काही हिरव्या, काही निळ्या. यान स्वतःभोवती गिरक्या घेत असल्यामुळे एकही पट्टी दुसरीवर सरळ बसत नाही. त्या जुळवायच्या, एकमेकींत मिसळायच्या, मग कुठे ढगांचं तोंड दिसतं. जगभर कितीतरी हौशी माणसं हे फुकट करत बसतात. आमच्या खंडातल्या अशा मंडळींचा एक गट होता. त्यात मोंतेविदेओचा एक बसड्रायव्हर होता, किटोची एक भूगोलाची मास्तरीण होती, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला चिलीतल्या इकिके गावच्या निवृत्त दंतवैद्य एदुविखिस कारास्को. या बाई अक्षरांतूनही "तोंड उघडा" असंच म्हणत.

गुमर्सिंदोंनी पहिलं चित्र पाठवलं आणि बाईंचं उत्तर आलं, "सिन्योर गुमर्सिंदो, गुरूच्या मागे हा आकाशी रंग कुठून आला?"

यांनी लिहिलं, "काळ्यावर गिऱ्हाईक उठून दिसत नाही, बाई."

"तिथे काळंच असतं. काळं करा."

गुमर्सिंदोंनी काळं केलं आणि दोन दिवस सुतक असल्यासारखे हिंडले. दुसऱ्या चित्रात त्यांनी त्या मोठ्या तांबड्या वादळाला कोपऱ्यात चमक दिली.

"हे काय?" बाई.

"डोळ्यातलं तेज."

"तो डोळा नाही. वादळ आहे."

"असेल. पण मेल्यासारखं का दिसावं?"

चेष्टा होत होती, तरी एका बाबतीत बाईंचंही तोंड बंद व्हायचं. चाळीस वर्षं फाटक्या फोटोंच्या कडा जुळवलेला तो हात होता. त्यांच्या चित्रात सांधा म्हणून दिसायचा नाही. ढगांची वळणं अशी यायची की कॉफीत नुकतंच दूध सोडलंय. म्हणून गटानं आपलं वर्षाचं कॅलेंडर छापायचं ठरवलं तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचंच चित्र निवडलं. आणि खाली छापणार होते: गुमर्सिंदो फेइतोझा, क्रातो, ब्राझील.

ही बातमी त्यांनी जेवणाआधी सगळ्या गल्लीला सांगितली. जेवणानंतर पुन्हा सांगितली, कारण काही लोक आधी नीट ऐकत नव्हते.

शनिवारी मी कॉफी प्यायला गेलो. मंगळवारी कॅलेंडर छापायला जायचं होतं. पडद्यावर ते चित्र होतं आणि आपण कशातून काय घडवलं हे दाखवायला गुमर्सिंदोंनी शेजारी कच्च्या पट्ट्या लावल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नाही. पण घरात फुकट कॉफी मिळाली की काहीतरी विचारावं, एवढी रीत मला ठाऊक आहे.

"कंपाद्रे, या पट्टीत हा काळा ठिपका आहे. तुमच्या चित्रात तो कुठे गेला?"

"तो? तीळ होता. काढला."

"गुरूला तीळ असतो?"

गुमर्सिंदोंचा कप ओठापाशी थांबला. त्यांनी तांबड्या काचेची पट्टी पाहिली. ठिपका होता. हिरवीत होता. निळीतही होता. कॅमेऱ्यावरची घाण असती तर गुरू सरकला तरी ती जागच्या जागी राहिली असती. हा ठिपका गुरूबरोबर सरकत होता. त्यांनी त्या दिवशीचं कोष्टक काढलं, कुठला चंद्र कुठे होता ते बोटानं शोधलं आणि खुर्चीत मागे कलंडले.

"सावली आहे," ते म्हणाले. "गुरूच्या आयो चंद्राची सावली. जवळजवळ आख्खा ब्राझील मावेल एवढी सावली मी पुसली, कंपाद्रे. एका झटक्यात. कळलंसुद्धा नाही मला."

"गटातल्या कुणाला कळलं?"

"नाही. मी पुसलेलं कधी कुणाला कळलंय?" एवढं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला. मग तो गेला.

मी हलकट माणूस आहे. मी म्हणालो, "मग गप्प बसा. मंगळवारी छापून होईल. नाव येईल."

स्वयंपाकघरातून दोना लिंदाल्वा आल्या. हातात लाकडी डाव होता आणि डावाला राजमा-भात चिकटलेला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आमच्या घरांच्या भिंती तशाच आहेत.

"अरे माणसा," त्या म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा तुझं नाव छापणार, आणि ते खोट्या तोंडाखाली?"

"खोटं नाही गं. जरा साफ केलेलं."

"साफ केलेलं! मलाही तू साफच केलं होतंस." त्यांनी डावानं भिंतीवरच्या टोपीकडे खूण केली. "चव्वेचाळीस वर्षं मी त्या पोरीकडे बघतेय. कोण आहे ती? तुझ्याशी लग्न कुणी केलं, तिनं की मी?"

गुमर्सिंदोंनी टोपीकडे पाहिलं. ती तिथे का असते हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. मी कॉफीत तोंड घातलं. कप रिकामा होता, तरी घातलं.

त्यांनी तिथेच बाईंना लिहिलं. सबबी नाहीत, गोडगोड बोलणं नाही. "मी चंद्राची सावली तीळ समजून पुसली. हे चित्र छापू नका. माझं नावही काढा." आणि पाठवून झाल्यावर दात उपटून घेतल्यासारखे गाल धरून बसले.

उत्तर तासाभरात आलं. "सिन्योर गुमर्सिंदो, मी ते चित्र अकरा वेळा पाहिलं आणि मलाही कळलं नाही. पुसण्याचं बक्षीस असतं तर तुम्हालाच दिलं असतं. हे चित्र रद्द. त्याच पट्ट्यांवरून दुसरं करा. काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. मंगळवारी दुपारी बारापर्यंत आलं तर मुखपृष्ठ तुमचं. नाही तर बसड्रायव्हरचं."

पुढचे तीन दिवस मी दुकान भाच्याकडे सोपवून अर्धा वेळ तिथेच होतो. असा तमाशा सोडवत नाही. पट्ट्या जुळवणं त्यांना सोपं होतं. अवघड होतं ते हात आवरणं. कुठे एखादा पांढरा ढग वेडावाकडा दिसला की माऊस आपोआप तिकडे सरकायचा. मागे दोना लिंदाल्वा डाव घेऊन बसल्या होत्या.

"हात!"

"अगं, फक्त ही कड जरा..."

डाव मनगटावर. "तशी आहे का ती?"

"तशीच आहे."

"मग राहू दे तशी. तुला काय करायचंय? तू का तिचा बाप?"

सोमवारी संध्याकाळी त्यांचं मनगट सुजलं आणि माझ्या दुकानातलं मलम पहिल्यांदाच खगोलशास्त्राच्या कामी आलं. मंगळवारी साडेअकराला चित्र तयार झालं. खरखरीत ढग, तिरके पट्टे, एका बाजूला फिकट डाग, आणि मधोमध तो काळाभोर, गोल ठिपका. मला वाटलं होतं विद्रूप दिसेल. पण त्या ठिपक्यामुळे सगळ्या गोळ्याला खोली आली होती. सूर्याच्या आणि त्याच्या मध्ये एक चंद्र तरंगतोय, हे बघताक्षणी कळत होतं. आधीचं चित्र कुणाचंही असतं. हे गुरूचंच होतं.

"बरा दिसतो की," गुमर्सिंदो हळूच म्हणाले. "तीळ शोभतो त्याला."

मागे डाव खाली ठेवल्याचा आवाज झाला.

कॅलेंडर डिसेंबरात टपालानं आलं. गल्ली जमली. खालचं नाव मी मोठ्यानं वाचलं, मग पोस्टमननं वाचलं, मग ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी बोट फिरवलं. गुमर्सिंदो दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "ठिपका पाहिलात? तो मी काढलेला नाही, आहेच तिथे." इतका अभिमान त्यांना काढलेल्या गोष्टींचाही कधी वाटला नव्हता.

गर्दी ओसरल्यावर कॅलेंडरला खिळा हवा होता. गुमर्सिंदोंनी गवती टोपी उचलून बायकोच्या हातात दिली, कॅलेंडर त्या रिकाम्या खिळ्याला लावलं आणि लग्नाचा फोटो खाली उतरवला. काच काढली. कपाटातून जुनी रंगांची पेटी आणली, सगळ्यात बारीक कुंचला थुंकीनं टोकदार केला आणि नवरीच्या ओठाशेजारी टेकवला.

दोना लिंदाल्वांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. मग गुमर्सिंदोंची मान धरून त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"नीट बघून काढ," त्या म्हणाल्या. "अजून जरा मोठा."