उठलीच आहेस तर…

"माझी सकाळ अजून व्हायचीच आहे, ताई."

ऑफिसात खुर्चीवर बसता बसता वहिनी हे रोज म्हणायच्या. तोवर बाहेर सिव्हिल लाइन्समध्ये ऊन चांगलं तापलेलं असायचं आणि साहेबांचा दुसरा चहा झालेला असायचा. वहिनींचे केस ओले, पदराची पिन अजून दातांत, आणि खांद्यावर कधी कधी चक्क स्वयंपाकघरातला हात पुसायचा नॅपकिन. विजय नगरहून इथवर माझ्याच स्कूटीवर मागे बसून आलेल्या असायच्या, तरी तो नॅपकिन मलासुद्धा दिसलेला नसायचा. घाईत त्याही असायच्या आणि मीही.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. नसेल पाहिली, तर उद्या सकाळी जरा आपल्याच घरात नीट बघा.

वहिनी माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि माझ्याच विभागात काम करायच्या. आता ते बिऱ्हाड नागपूरला गेलं, वर दुसरे कोणी आलेत. तेव्हा घरात त्यांचे मिस्टर होते, फॅक्टरीत सकाळच्या पाळीला जाणारे. एक मुलगी होती, जिला मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी. आणि सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणायचे. मी एकटी राहते, उशिरा उठले तरी मला विचारणारं कोणी नाही. पहाटे अंथरुणात पडून मी छतावरची पावलं ऐकायचे. गॅसपाशी, मोरीकडे, गच्चीवर पाण्याच्या टाकीशी, परत गॅसपाशी. एवढ्याशा घरात ही बाई चालत चालत जाते तरी कुठे, असं वाटून माझाच जीव घाबरा व्हायचा.

एका महिला दिनाला ऑफिसात एक तरुण मॅडम बोलायला आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज मधाळ. त्या म्हणाल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनी सकाळ हळुवार ठेवावी. उठल्या उठल्या फोन नको. कोमट पाणी प्या, खिडकीशी बसा, लांब श्वास घ्या, एक कप चहा फक्त स्वतःबरोबर प्या. आम्ही सगळ्या माना डोलवून राहिलो होतो. वहिनींनी हात वर केला.

"मैडम, तब तक दूध कौन देखेगा?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "तो आधा घंटा पहले उठिए ना."

बाकीच्यांनी समोसा खाल्ला आणि भाषण विसरल्या. वहिनी नाही विसरल्या. दुसऱ्याच दिवशी अर्धा तास आधी उठल्या, लायटरचा आवाज होऊ नये म्हणून काडेपेटीनं गॅस पेटवला, चहा कपात ओतला आणि बाल्कनीत पाय टेकवला. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज.

"उठली का गं? उठलीच आहेस तर माझं गरम पाणी ठेव."

काकूंचं ऐकून मिस्टर जागे झाले. "उठलीच आहेस तर माझा डबा आधी भरून दे, आज लवकर निघतो." मग मुलगी. "मम्मी, उठ ही गई हो तो मेरा कुर्ता प्रेस कर दो ना." चहावर साय धरली. अर्धा तास आधी उठल्यामुळे घराचं काम अर्धा तास आधी सुरू झालं, एवढाच काय तो फरक.

"मग अजून लवकर उठा," मी चिडवलं.

"अजून लवकर उठली तर झोपायचंच काहून, ताई?"

मग त्यांनी सकाळी फिरायला जाऊन पाहिलं. निघताना दारातच दुधाची बरणी हातात आली, कारण जातेच आहेस तर. काकूंनी फुलांची परडी दिली. परत येताना वहिनींच्या दोन्ही हातांत ओझं, आणि चेहरा असा की फिरायला नव्हे, बाजाराला जाऊन आल्या. न्हाणीघरात कडी लावून बसायचाही प्रयोग झाला. बाहेरून दार वाजायला लागलं.

आणि मग अचानक एक दिवस वहिनी वेळेवर, पिन जागेवर, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. मी म्हटलं, "काय हो, घरचे गावाला गेले का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं. त्या घरात एक नियम होता. पूजेला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. काकूंनी तो आयुष्यभर पाळला होता आणि मुलाला, नातीला शिकवला होता. घर पेटलं तरी पूजेतल्या माणसाची पूजा आधी आटपू द्यायची. तर वहिनी आता अंघोळ करून देवासमोर पाटावर बसायच्या, घराकडे पाठ करून. उदबत्ती लावायच्या. आणि स्टीलच्या फुलपात्रात पाण्याऐवजी चहा.

"चहा? देवासमोर?" मी ओरडलेच.

"हळू! मागून कोणाला दिसत नाही. डोळे मिटते, एक घोट घेते. कोणी काही म्हणत नाही. बाळकृष्ण बघतो, बघू दे. त्या घरात तो एकटाच आहे जो मला काही मागत नाही, ताई."

हे हसत सांगितलं त्यांनी. मीही हसले. मग दोघी उगाच कागद चाळत बसलो.

ते सुख फार टिकलं नाही. टिकलं असतं तर मी हे लिहीत कशाला बसले असते? सूनबाई न सांगता, न चुकता पूजेला बसते, डोळे मिटून बसते, हे पाहून काकूंना भरून आलं. त्यांचे गुडघे गेले होते. आपल्यामागे देवांचं कोण करणार, ही काळजी त्यांना कितीतरी दिवस खात होती. कॉलनीतल्या आपल्या मराठी मंडळींत त्यांनी सुनेचं कौतुक सांगितलं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी मलाच म्हणाल्या, "अगं, आमची तर समाधी लावते!" मी भोपळ्याकडे बघत राहिले.

एका चांगल्या दिवशी काकूंनी सुनेच्या हातावर पळी-पंचपात्र ठेवलं आणि सांगितलं, आजपासून देव तुझे. म्हणजे देवांना रोज अंघोळ, गंध उगाळणं, गच्चीवरच्या कुंडीतल्या दूर्वा निवडणं, नैवेद्य. आणि काही चुकू नये म्हणून काकू स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसायला लागल्या, तोंडानं स्तोत्र, नजर सुनेच्या हाताकडे. फुलपात्रात पुन्हा पाणी आलं.

"देवाला ढाल करायला गेली मी," वहिनी म्हणाल्या, "तर त्यालाच न्हाऊ घालून राहिली." आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की शेवटी डोळ्यांना रुमाल लावावा लागला. मला त्या दिवशी काकूंचा राग आला. पण काकू वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर सोपं होतं, वहिनींनी भांडण तरी काढलं असतं.

त्याच सुमारास आमच्या सिहोऱ्याच्या कार्यालयात एक जागा रिकामी झाली. रोज बसनं जायचं-यायचं, कोण जाणार? सगळ्यांनी कारणं शोधली. वहिनी सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, मैं चली जाऊँगी." घरी मात्र सांगितलं की बदली आली, सरकारी हुकूम, काय करणार? खरं फक्त मला माहीत होतं.

मिस्टर चिडले, मुलगी रडली. पण पहिली बस गाठायची म्हणून वहिनी अंधारातच घर सोडायला लागल्या, आणि इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते आठवड्याभरात जमलं. पोळ्यांना बाई लागली. मुलगी स्वतःचा कुर्ता स्वतः इस्त्री करायला लागली. मिस्टरांना गॅस पेटवता येतो असा शोध लागला.

रविवारी भेटल्यावर वहिनी सांगायच्या, "खिडकीची जागा मिळते. थर्मासमधून चहा नेते. कंडक्टर एकदा तिकीट देतो, मग सिहोऱ्यापर्यंत मला कोणी काही म्हणत नाही." बसमध्ये फोनला रेंज नसते, असं त्यांनी घरी ठोकून दिलं होतं. अंगावर जरा मांस आलं होतं त्यांच्या. गुणगुणायला लागल्या होत्या.

इकडे काकूंचा जीव तुटत होता. पोर अंधारात जाते, थंडीत कुडकुडते, संध्याकाळी दमून येते. त्यांनी मुलाच्या मागे लकडा लावला, मिस्टरांनी भोपाळच्या मुख्य कार्यालयात कोणाकोणाचे पाय धरले. एवढ्यावर काकूंचं भागेना, तर त्यांनी देव पाण्यात घातले. सुनेची बदली रद्द झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही म्हणाल्या. वहिनी रोज संध्याकाळी घरी यायच्या आणि पातेल्यात बुडालेला बाळकृष्ण बघायच्या.

"माझ्यासाठी बुडवलं त्याला," त्या मला म्हणाल्या. "आणि मी त्याला काय सांगू? की ऐकू नको आईंचं?"

जानेवारीतली सकाळ होती. मी दात घासत होते, तर काकू गुडघे धरत जिना उतरून माझ्या दारात. हातात पेढ्यांची पुडी, डोळ्यांतून धार.

"झाली गं रद्द! काल रात्री सही झाली म्हणे, आत्ता भोपाळहून फोन आला. देव बाहेर काढले मी. तिचा फोन लागत नाही, तुझी गाडी काढ आणि गाठ तिला. उतरव बसमधून. आजपासून सिहोरा नाही म्हणावं!"

मी तशीच निघाले, शालीवर हेल्मेट घालून. स्टँडवर धुकं होतं. सिहोऱ्याची बस सुरू होऊन घरघरत होती, कंडक्टर दार थोपटत ओरडत होता. मागून तिसऱ्या खिडकीत वहिनी दिसल्या.

काच बंद होती. थर्मासचं झाकण दोन्ही हातांत धरून त्या चहा पीत होत्या. घाई नव्हती. एक घोट घ्यायचा, बाहेर बघायचं, पुन्हा एक घोट. त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली मी, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी काचेपासून हातभर अंतरावर होते. हात उचलला होता, टकटक करायचीच बाकी होती. मी हात खाली घेतला आणि खांबामागे जाऊन उभी राहिले.

बस हलली, वळली, धुक्यात गेली.

घरी परतले तर काकू फाटकाशीच उभ्या. "भेटली का गं?"

"नाही हो काकू. मी पोचले तोवर बस सुटली होती."

"अरेरे," काकू कळवळून म्हणाल्या, "म्हणजे आजचा एक दिवस अजून हाल बिचारीचे." आणि पुडीतला एक पेढा त्यांनी माझ्या तोंडात भरवला.