आमची डिस्क वगळायची न्हाय

कॉलेजच्या लॅबमध्ये आज एक जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. असाच वास आमच्या गावच्या, बेंबळीच्या वाचनालयात यायचा. मी अकरावीत होते. तिथला एकुलता एक कॉम्प्युटर स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. एके दिवशी तिच्या पुढच्या आवृत्तीत काय असावं, यावर सगळ्या वापरणाऱ्यांसाठी खुली ऑनलाइन बैठक होती.

"रुंद पट्टीच्या वायरीच्या जुन्या डिस्कचा सपोर्ट काढून टाकू," पुण्याचे एक दादा म्हणाले. "त्या आता वापरतं कोण?"

आमची डिस्क तसलीच होती. सपोर्ट गेला, तर नव्या आवृत्तीवर आमचा कॉम्प्युटर बंदच पडणार होता. शेजारी बसलेले ग्रंथपाल काका कुजबुजले, "बोल की गं! एरवी लई तोंड चालतंय तुझं."

मी माईक सुरू केला. "आमी वापरतो."

दादा हसले. "आपला नियम ठाऊक आहे ना? ज्याची हरकत, त्यानंच प्रत्येक आवृत्ती तपासून द्यायची."

"देते की. पण काढायचं न्हाय."

सपोर्ट राहिला. आपण उद्धट बोललो, विनंती करायला हवी होती, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. आता तसं वाटत नाही. आता बैठकीत कुणी काहीही वगळायला निघालं, की मी आधी विचारते, "ज्यांचं बंद पडणार, त्यांना विचारलंत का?"